टाळूच्या वर एक वीत

खिडकीकाकू बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघायच्या नाहीत. बघायच्या त्या टाळूच्या वर साधारण एक वीत. नवखा माणूस आधी केसांवरून हात फिरवायचा, मग मागे वळून भिंतीवर काही टांगलंय का ते बघायचा आणि शेवटी बाथरूममध्ये जाऊन आरसा गाठायचा. मीही पहिल्या भेटीत हे तिन्ही प्रकार केले. परत आले तर काकू तिथेच, तशाच बघत बसलेल्या.

"काही अडकलंय का हो केसांत?" मी न राहवून विचारलं.

"छे गं. तुझ्या डोक्यावर काय आहे ते बघतेय."

"काय आहे?"

"सध्या काही नाही. नवीन आलीयेस ना पुण्याहून. येईल हळूहळू," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे चकल्यांची बशी सरकवली.

त्यांचं खरं नाव इथल्या मराठी मंडळाच्या यादीत होतं, पण ते कुणी वापरत नसे. लंडनजवळच्या आमच्या रीडिंग गावात, स्टेशनकडून वर येणाऱ्या रस्त्यावर, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या रांगेत त्यांचं घर होतं आणि त्याला पुढे आलेली मोठी खिडकी होती. त्या खिडकीवरून त्या खिडकीकाकू. गिरगावातून लग्न करून आलेल्या, चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या. काकांना मी पाहिलं नाही, ते आम्ही यायच्या आधीच गेले होते. मूलबाळ नव्हतं. नोकरीचा सगळा काळ त्यांनी लंडनमधल्या एका जुन्या छापील चित्रांच्या दुकानात काढला. रोज सकाळी पॅडिंग्टनची गाडी पकडून जायचं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसून दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या चित्रांवरचे डाग काढायचे, फाटलेले कोपरे जोडायचे, उडालेले रंग जपून भरायचे, हे त्यांचं काम.

ही चित्रं म्हणजे अठराव्या शतकातल्या इथल्या बड्या लोकांची टिंगल. उमराव, सरदार, त्यांच्या बायका, त्यांचे नाच आणि मेजवान्या. तेव्हा बायकांमध्ये उंच केसांची टूम निघाली होती. आत लोकरीच्या गाद्या भरायच्या, वरून डुकराची चरबी चोपडायची, त्यावर पीठ भुरभुरायचं आणि दीड-दोन हात उंच मनोरा उभा करायचा. चित्रकारांना आयतंच सापडलं. त्यांनी त्या मनोऱ्यावर कुठे शिडाचं जहाज काढलं, कुठे गाजर-मुळ्याची बाग काढली, कुठे केस विंचरायला न्हावी शिडी लावून वर चढलेला दाखवला. मंडळाच्या पोरांना काकू ही चित्रं दाखवायच्या तेव्हा पोरं गडाबडा लोळायची. "ह्या बायका बग्गीत बसायच्या कशा?" असं एकाने विचारलं होतं. "बसायच्या नाहीतच. बग्गीच्या तळाशी गुडघे टेकून जायच्या," काकू म्हणाल्या. "उंच दिसायचं म्हणून रस्ताभर गुडघ्यावर." आणि मग मोठ्यांकडे, म्हणजे मोठ्यांच्या वर एक वीत, बघून म्हणाल्या, "आपल्यातल्याच आहेत सगळ्या. फक्त पैठणी नाही."

त्या काळी अशी चित्रं दुकानाच्या खिडकीत चिकटवत आणि रस्त्यावर ती बघायला झुंबड उडे. निवृत्त झाल्यावर काकूंनी तीच रीत रीडिंगमध्ये सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या खिडकीत नवीन चित्र लागायचं. पेहराव अठराव्या शतकातला, माणूस आमच्या मंडळातला. खाली नाव नसायचं. नावाची गरजही नसायची.

मंडळाच्या अध्यक्षांच्या डोक्यावर एक केसांचा टोप रंगवला होता. त्याची शेपटी इतकी लांब, की समितीचे तीन सभासद ती धुळीत लोळू नये म्हणून मागून उचलून चालले होते. इटलीची सहल करून आलेले तरुण तेव्हा तिथलं सगळंच उत्तम म्हणत, चिमूटभर टोपी उंच टोपावर ठेवून मिरवत, आणि लोक त्यांना 'मॅकरोनी' म्हणत. हा शब्द काकूंनी आमच्यात असा रुजवला, की कोणी पुण्याला दोन आठवडे जाऊन "ओह गॉड, द ट्रॅफिक!" म्हणत परत आला, की बायका एकमेकींना हळूच सांगायच्या, "मॅकरोनी झालाय." माझा नवरा निखिल जवळच्या ब्रॅकनेल गावातल्या कंपनीत मॅनेजर झाला त्या महिन्यात खिडकीत एक मॅकरोनी लागला. कमरेला तलवारीच्या जागी ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं, त्याची दोरी जमिनीपर्यंत. निखिल तीनदा तिथून गाडी नेऊन आला आणि चौथ्यांदा उतरून फोटो काढून आला. त्याच्या आईला पाठवायचा होता.

हीच तर गंमत होती. चित्र लागलं की माणूस दोन दिवस फणफणायचा आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन दाखवायला यायचा. ज्यांचं लागायचं नाही त्यांचं दुःख मात्र खरं होतं. एक वहिनी तीन वर्षं वाट बघून काकूंशी बोलेनाशा झाल्या. "तेव्हाही असंच होतं," काकू सांगायच्या. "चित्र नाही निघालं म्हणजे आपण कुणीच नाही. मग बिचारे आणखी उंच टोप घालायचे." एकदा कुणीतरी कुरकुरलं, की काकू स्वतःला बऱ्या सोडतात. पुढच्या महिन्यात खिडकीत काकू होत्या. डोक्यावर अख्खी खिडकी चौकटीसकट, तिला पडदे, आणि पडद्यामागून डोकावणाऱ्या छोट्या काकू.

त्यांचा एकच नियम होता आणि त्या बाबतीत त्या त्यांच्या लाडक्या जुन्या चित्रकारांशीही भांडायच्या. ते लोक सुजलेले पाय, सुटलेली पोटं, वाकडी नाकं, काहीच सोडत नसत. काकूंना ते मान्य नव्हतं. "देवानं दिलेल्याला हात लावायचा नाही. आपण डोक्यावर चढवलेलं तेवढं काढायचं." म्हणून त्यांच्या चित्रात चेहरा हुबेहूब असायचा, नाकाला नाक, आणि कपाळाच्या वर धिंगाणा. कागद जुना दिसावा म्हणून त्या त्याला चहाचं पाणी द्यायच्या. टेबलावर दोन बशा असत, एक प्यायच्या चहाची आणि एक कागदाच्या चहाची. बोलण्याच्या नादात ब्रश कुठेही बुडायचा. मी त्यांच्याकडे निळा चहा दोनदा प्यायले आहे.

आमची तन्वी लहानपणापासून शनिवारी काकूंकडे ब्रश धुवायला जायची. तन्वीचा जन्म इथलाच. मराठी समजायची सगळी, बोलायचीही, पण तिच्या मराठीत कोण पुरुष, कोण बाई आणि कोण नपुंसक ह्याचा भरवसा नव्हता. चाक 'ती', खुर्ची 'तो', बाबा कधीकधी 'आली'. मी तिचं बालपण हे दुरुस्त करण्यात घालवलं. ती शाळेतली मारामारी रडत रडत सांगत असायची आणि मी मध्येच म्हणायची, "तो पेन्सिल नाही, ती पेन्सिल." एकदा काकूंनी हे ऐकलं आणि मला विचारलं, "तू तिचं बोलणं ऐकतेस की तपासतेस गं?" मी हसले. प्रश्न मला विनोदी वाटला होता.

ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, झाल्यावर तन्वीने आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं, की युनिव्हर्सिटीत जायचं नाही. ऑक्सफर्डमधल्या एका सायकलच्या वर्कशॉपमध्ये तिला अप्रेंटिसशिप मिळाली होती. सायकली उघडायच्या, जोडायच्या, चाकं सरळ करायची. निखिल म्हणाला, "आर यू हॅपी?" ती म्हणाली, "व्हेरी." त्याचं तेवढ्यात भागलं. मी आठवडाभर स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसल्या. मग मला वाटलं मी सावरले.

त्याच वर्षी गणपतीत, हॉलच्या मागे वडे तळायच्या रांगेत, सेक्रेटरी वहिनींनी विचारलं, "मेधा, तन्वी कुठे असते हल्ली? दिसत नाही."

"ऑक्सफर्डला," मी म्हणाले.

देवाशप्पथ, मला पुढे बोलायचं होतं. 'ऑक्सफर्डला असते, सायकलच्या वर्कशॉपमध्ये शिकतेय', असं पूर्ण वाक्य तोंडात तयार होतं. पण पहिल्या शब्दावरच रांगेत शांतता पसरली आणि पाठोपाठ गलका झाला. "ऑक्सफर्डला? ओ माय गॉड! बोलली नाहीस ती! सो मॉडेस्ट!" कुणीतरी मला मिठी मारली. माझ्या हातातला गरम वडा दोघींच्या मध्ये चेपला गेला. आणि मी ते वाक्य गिळलं.

नंतर जे झालं त्यात मी एकही शब्द खोटा बोलले नाही, हेच त्यातलं सर्वांत वाईट. "कॉलेज कुठलं गं?" "आहे मधोमध, गावातच." "काय करते?" "इंजिनिअरिंगसारखंच." "मेकॅनिकल?" "हो, मेकॅनिकल." पुण्यात कुणी 'मुंबईला असतो' म्हटलं तर कुणी त्याला मुंबई विद्यापीठात घालत नाही. पण ऑक्सफर्डला 'ला' लागला, की आपल्या लोकांना सरळ कॉलेजचे कळसच दिसतात. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तिथे थांबले. घरी आल्यावर निखिल म्हणाला, "सगळे मला काँग्रॅट्स करतायत, कशाबद्दल?" मी म्हटलं, "तन्वीबद्दल." त्याला वाटलं, वा, किती मोकळ्या मनाची माणसं आहेत.

ऑक्टोबरात अध्यक्षांचा फोन आला. दिवाळीच्या कार्यक्रमात गुणवंत मुलांचा सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ, तन्वीला नक्की बोलवा. कार्यक्रम नेमका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि शाळेचा हॉल काकूंच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे. म्हणजे गाड्या लावायला सगळं मंडळ काकूंच्या खिडकीखाली येणार. मी तन्वीला फक्त "दिवाळीला ये" इतकंच कळवलं. "यस! चकल्या?" असं तिचं उत्तर आलं. मंडळात आपलं हसं होईल ही भीती होतीच. पण रात्रंदिवस मला छळत होतं ते वेगळंच. स्टेजवर तिच्या खांद्यावर शाल पडणार, अध्यक्ष माइकवर ऑक्सफर्डचे गोडवे गाणार, आणि माझ्या पोरीला शे-दीडशे माणसांसमोर कळणार, की आईला आपण सांगण्यासारखे वाटलो नाही.

गुरुवारी मी काकूंकडे गेले. दार उघडून त्यांनी नेहमीप्रमाणे टाळूच्या वर पाहिलं. मग त्यांची नजर आणखी वर गेली. मग दाराच्या चौकटीला लागली.

"बरंच वाढलंय गं. वाकून ये आत," त्या म्हणाल्या.

मी सोफ्यावर बसून रडले. मी पुरतं सांगायच्या आत मला कळलं, की त्यांना सगळं ठाऊक आहे. तन्वी महिन्यातून दोनदा तरी ऑक्सफर्डहून येताना आधी त्यांच्याकडे उतरायची, त्यांच्या जुन्या सायकलचे ब्रेक बघायची आणि कामाच्या गोष्टी सांगत बसायची. हे मला माहीत नव्हतं. ह्या गोष्टी तिने घरीही सांगितल्या असत्या, ऐकायला कुणी असतं तर.

"तुम्ही तिला बोललात? मंडळात काय झालंय ते?"

"मी चुगली करत नाही. चित्र काढते."

"माझं काढलंय?"

"हो."

"काकू, ह्या रविवारी नका ना लावू. पाया पडते."

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. आजवर त्यांनी कुणाला विचारून चित्र लावलं नव्हतं आणि कुणी विनवलं म्हणून उतरवलं नव्हतं. पण त्या उठल्या, टेबलावरून एक मोठं पाकीट आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"खिडकी माझी आहे, पण डोकं तुझं. लावायचं तर तू येऊन लाव, नाहीतर घरी ठेव. मी विचारणार नाही." मग म्हणाल्या, "मंडळाला कळेल म्हणून घाबरलीस ना? तिला कुणाच्या तोंडून कळावं असं तुला वाटतं, तेवढं बघ."

पाकीट मी शनिवारपर्यंत उघडलं नाही. शनिवारी संध्याकाळी तन्वीला स्टेशनवर घ्यायला गेले. गाडीत सांगायचं ठरवलं होतं. तिने पाय डॅशबोर्डवर टाकून एका म्हाताऱ्या प्रोफेसरच्या सायकलची हकीकत सांगायला घेतली. गिअरमध्ये म्हणे त्यांची मफलर अडकली होती. मी "तो मफलर" म्हणाले आणि घर आलं.

रविवारी सकाळी ती पोहे खात होती. नखांच्या कडांना काळं ग्रीस होतं, ते काही केल्या निघत नाही. निखिल रांगोळीचे रंग शोधायला वर गेला होता. मी पाकीट आणलं, उघडलं आणि न बघताच तिच्यापुढे ठेवलं. मग आम्ही दोघींनी एकदमच बघितलं.

मी होते. माझंच नाक, माझीच हनुवटीवरची खळी. अंगात घेरदार झगा, काठ पैठणीचे. आणि कपाळाच्या वर केसांचा जो डोंगर सुरू होत होता, त्याच्यावर अख्खं ऑक्सफर्ड वसवलेलं. घुमट, मनोरे, कळस, घड्याळं, हिरवळी, एक नदीसुद्धा. भोवती मंडळाच्या बायका निरांजनं घेऊन आरतीला उभ्या. डोंगराला एक लांबच लांब शिडी लावली होती आणि शिडीच्या टोकावर एक मुलगी, हातात पाना, सर्वांत वरच्या घुमटाचा नट आवळत होती. चित्रातलं सगळं वाकडंतिकडं, फुगलेलं होतं. ती मुलगी तेवढी सरळ काढली होती. खाली एकच शब्द, 'ऑक्सफर्डला'. त्यातला 'ला' माझ्या केसांना बांधलेल्या फितीतून लोंबत होता.

तन्वी ठसका लागेपर्यंत हसली. मग म्हणाली, "पण जोक काय आहे? मी ऑक्सफर्डलाच असतो ना."

मला समजावून सांगावं लागलं. गणपती, वडे, शांतता, गलका, मेकॅनिकल, शाल, श्रीफळ. सांगताना मी तिच्या पोह्यांच्या बशीकडे बघत होते. माझं संपलं तेव्हा ती हसत नव्हती.

"लोकांना वाटला मी युनिव्हर्सिटीत आहे. आणि तू नाही सांगितलं."

"नाही."

"का?" आणि मग, अगदी हळू, "आई, तुला माझा लाज वाटला?"

'लाज वाटली.' ती लाज, वाटली. इतक्या वर्षांची सवय, शब्द जिभेवर आलाच होता. तो मी परत ढकलला. तिने विचारलेलं मी बहुधा पहिल्यांदाच नीट ऐकलं होतं.

"हो गं," मी म्हणाले. "वाटला."

मला वाटलं ती आता उठून वर जाईल, परतीची गाडी पकडेल, आणि जायचा तिला पूर्ण हक्क होता. तिने चित्र जवळ ओढलं. शिडीवरच्या मुलीवर बोट ठेवलं.

"मीच फक्त स्ट्रेट आहे."

"हो."

"काकूला सांग, ही स्पॅनर रॉंग साइजची आहे. धिस वोंट फिट." तिने नाक ओढलं, बाहीने पुसलं. "यू शुड हॅव टोल्ड मी, आई. आय थॉट तू बिझी असतो म्हणून विचारत नाही."

मी तिला धरून बसले. बराच वेळ. पोहे पार गार झाले. मग मी म्हणाले, "चल, हे लावायचंय." ती म्हणाली, "शुअर? सगळे बघतील." मी म्हणाले, "बघू देत."

काकूंनी दार उघडलं आणि आतून स्टूल आणून दिलं. तन्वी स्टुलावर चढली आणि मी ते धरून उभी राहिले. चित्र लागत असताना रस्त्यावर पहिली गाडी येऊन थांबली. अर्थात अध्यक्षांची.

पुढच्या अर्ध्या तासात खिडकीखाली जवळजवळ सगळं मंडळ जमलं, भरजरी कपड्यांत, हातात फराळाचे डबे घेऊन. चित्र बघून आधी हशा पिकला, मग कुजबुज झाली. सेक्रेटरी वहिनी माझ्याजवळ आल्या. "मेधा, म्हणजे ती ऑक्सफर्डला नाहीये?"

"आहे ना, ऑक्सफर्डलाच. सायकली दुरुस्त करते," मी म्हणाले.

हे वाक्य त्या दुपारी मी किती वेळा म्हटलं कोण जाणे. पहिल्यांदा मान जड होती. चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात आलं, की ती हलकी झालीय. खरंच, अंगातून ताप उतरावा तसं वाटत होतं. दोघीतिघींनी नाकं मुरडली, एकीने अजूनही माझ्याशी संबंध ठेवलेला नाही, पण आभाळ काही कोसळलं नाही. एक वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमचा रोहन लंडनला फायनान्समध्ये आहे म्हणते ना मी? दिवसभर फोनवर गाड्यांचा इन्शुरन्स विकतो." आणि माझ्या आधी त्याच सुटल्यासारख्या हसल्या.

सत्कार झालाच. "शाल घेऊन ठेवलीय, आता काय," अध्यक्ष म्हणाले आणि गंभीर चेहऱ्याने माइकवर त्यांनी जाहीर केलं, "मेकॅनिकल क्षेत्रातील नैपुण्याबद्दल." तन्वीने शाल घेतली, नारळ बगलेत धरला आणि माइक ओढून घेतला. "थँक यू. ज्यांचा सायकल पंक्चर आहे त्यांनी नंतर भेटा." टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतून काकू माझ्या डोक्याच्या वर बघत होत्या. मी विचारायचं टाळलं.

काकू गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. शेवटचे काही आठवडे हॉस्पिटलात होत्या. हात थरथरायचे, ब्रश धरता येत नव्हता, पण वॉर्डातल्या कन्सल्टंटच्या, म्हणजे बड्या डॉक्टरांच्या, टोपाबद्दल मला त्यांनी तपशीलवार सांगून ठेवलं होतं. त्या टोपात म्हणे सहा शिकाऊ डॉक्टर घरटं करून राहत होते. शेवटच्या भेटीत मी त्यांच्या समोर खुर्चीवर बसले आणि बघते तर त्यांची नजर पुन्हा तीच, टाळूच्या वर एक वीत. काय चढवलं मी आता? नव्या किचनबद्दल गेल्या आठवड्यात जरा जास्तच बोलले होते का?

"काकू, आहे का हो अजून काही?"

"अं? नाही गं. मागे घड्याळ आहे. चहा चारला येतो ना इथे."

मी वळून पाहिलं. खरंच घड्याळ होतं, चारला दोन मिनिटं कमी. मी इतकी हसले की शेजारच्या पलंगावरच्या बाई जाग्या झाल्या. चहा आला. काकूंनी एक घोट घेतला आणि कप माझ्या हातात दिला. "हा कागदालासुद्धा लागायचा नाही," त्या म्हणाल्या. नंतर आठ दिवसांनी त्या गेल्या. मला त्यांची आठवण येते, आणि बहुतेक वेळा मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडते तेव्हाच येते.

त्यांच्या घरात आता दुसरे लोक राहतात, खिडकीला करड्या पट्ट्यांचे पडदे आहेत. ते चित्र तन्वीने मागून घेतलं. ते तिच्या वर्कशॉपच्या भिंतीवर, पंपांच्या शेजारी टांगलंय. परवा मी तिचा डबा घेऊन गेले होते. एक मुलगा पुढचं चाक हातात घेऊन उभा होता. कोल्हापूरचा, खऱ्या अर्थाने ऑक्सफर्डला असलेला, कसलीशी पीएचडी करणारा. चित्राखालचं मराठी वाचून तो चक्रावला होता. "ह्या कोण?" त्याने विचारलं.

तन्वीने चाक फिरवत मान वर न करता सांगितलं, "तो? तो माझा आई आहे."

मुलगा गोंधळून माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही पण इथे ऑक्सफर्डला असता?"

"नाही रे," मी म्हणाले. "मी रीडिंगला. मुलगी ऑक्सफर्डला असते. सायकली दुरुस्त करते."